काही झालंच नाही असं समज

माझं एक व्याख्यान होतं. 'काहीच नाही असं का नाही?' हे त्याचं नाव. वर्ध्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात मी फिजिक्स शिकवतो, राहतो सिंदी मेघेला. आठवडाभर बारावीच्या पोरांकडून तीच ती गणितं घोटवून डोकं पिकलं, की रविवारी लॅपटॉप, प्रोजेक्टर आणि एक पांढरी चादर स्कूटरवर बांधून कुठल्यातरी गावी जायचो. विहार, शाळा, समाजभवन, जिथं बोलावतील तिथं. खिडक्यांना सतरंज्या लावायच्या, भिंतीवर चादर ठोकायची आणि हे विश्व मुळात का आहे, यावर दीड तास बोलायचं. बारा वर्षं बोललो. आता बोलत नाही. कोणी बोलावलं तर घसा बसलाय म्हणून सांगतो. घशाला काही धाड भरलेली नाही.

माझी धाकटी बहीण त्या नावावरून माझी फार मजा घ्यायची. आम्ही मूळचे हिंगणीचे. ती दिली कारंज्याला, म्हणजे घाडग्यांच्या कारंज्याला, हायवेवर. ढाब्यांच्या रांगेत तिच्या नवऱ्याचं टायर-पंक्चरचं दुकान आहे. बहीण बारावी शिकलेली, डोक्यानं माझ्यापेक्षा तल्लख, आणि जीभ तर विचारूच नका. म्हणायची, "दादा, येवढं लांबलचक नाव कायले ठेवलं बाप्पा? 'काऊन आहे?' येवढंच म्हण नं. आपल्या लोकायले समजते." आमच्या वऱ्हाडीत 'काऊन' म्हणजे का, आणि 'कायले' म्हणजे कशासाठी. तिचं म्हणणं असं, की तुझं सायन्स 'कसं' ते सांगते, 'काऊन'पाशी आलं की अडखळते, आणि 'कायले' म्हटलं की पळून जाते. खो-खो हसायची. मीही हसायचो, पण आतून चिडायचो, कारण माझ्या दीड तासाचं तिनं एका वाक्यात भरीत करून ठेवलेलं असायचं.

आठ वर्षांपूर्वी, मे महिन्यात तिचं पहिलं बाळंतपण होतं. वर्ध्याला मोठे दवाखाने म्हणून नववा लागल्यावर ती माझ्याकडे येऊन राहिली होती. एक दिवस सकाळी चहा घेता घेता म्हणाली, "दादा, काल दुपारपासून हालून नाई राह्यलं." लगेच घेऊन गेलो. सोनोग्राफीच्या खोलीतून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि आमच्यापैकी कोणाकडेच न बघता बोलायला लागल्या, तेव्हाच मला कळलं. मेलेलं लेकरूही जन्माला घालावंच लागतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. चांगला चाळिशी ओलांडलेला माणूस, गावोगाव विश्वाच्या जन्मावर भाषणं ठोकणारा, आणि एवढं माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिनं कळा सोसल्या. मुलगी होती.

आमच्याकडे असं लेकरू आईला दाखवत नाहीत. दाखवलं तर जीव अडकतो, पुढचं लेकरू राहत नाही, असं म्हणतात. बहिणीची सासू दारातच उभी राहून, "दाखवू नका बाप्पा, तिले दाखवू नका," एवढंच घोकत होती. माणसांनी न्यायचं, पुरायचं, हात-पाय धुऊन परत यायचं. जावई, म्हणजे बहिणीचा नवरा, भिंतीला टेकून खालीच बसला होता, म्हणून नर्सनं हिरव्या कापडात गुंडाळलेलं ते गाठोडं माझ्या हातात दिलं. म्हणाली, "तोंड पाह्यचं असंल तं पाहून घ्या सर, गाठ ढिलीच बांधली आहे." तेवढ्यात आतून बहिणीनं हाक मारली. "दादा, कशी आहे?"

आहे, म्हणाली ती. मी म्हटलं, "झोप तू." आणि निघालो.

हिंगणीला आमचं वावर आहे. तिथं नेलं. ऑटोत तासभर ती माझ्या मांडीवर होती. चांगलं भरलेलं लेकरू, कापडातूनसुद्धा डोकं कुठं आणि पाय कुठं ते हाताला कळत होतं. वावरात जावई खड्डा खणायला लागला. मे महिन्याची काळी जमीन, भेगा पडलेल्या, पण खाली दगडासारखी. सब्बल मारायचा, रडायचा, परत मारायचा. मी बांधावर बसून होतो, मांडीवर ती, आणि गाठ माझ्या अंगठ्याखाली होती. नुसता अंगठा सरकवला असता तरी सुटली असती.

मी सोडली नाही. खोटं कशाला सांगू, भ्यालो. मला वाटलं, एकदा तोंड पाहिलं की ही कोणीतरी होऊन बसेल, आणि मग आयुष्यभर होऊनच राहील. न बघता पुरली तर निदान माझ्यापुरतं तरी काही नव्हतं. बघितल्यावर वस्तू ठरते आणि न बघितल्यावर अधांतरी राहते, असलं काहीतरी अर्धवट फिजिक्स त्या उन्हात माझ्या डोक्यात आलं, आणि मी त्याचा आडोसा घेतला. लाज वाटते सांगायला. वर्गात एखाद्या पोरानं असं म्हटलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. जावयानं हात पुढं केले, मी दिली, त्यानंही नाही उघडली. वर माती ओढली, आणि कुत्र्यांनी उकरू नये म्हणून दोन मोठे दगड ठेवले.

परत आलो तेव्हा बहीण छताकडे बघत पडली होती. अंगाला दुधाचा वास येत होता. दूध यायचं थांबत नव्हतं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "बाई, काही झालंच नाई असं समज."

तिनं माझ्याकडे असं बघितलं, की ते बघणं आजही मला जेवताना आठवतं. जी बाई मला एक वाक्य सरळ पूर्ण करू देत नसे, ती त्या दिवसानंतर दोन-अडीच वर्षं माझ्याशी फक्त 'हो', 'नाई' आणि 'जेवून घे' एवढंच बोलली.

पुढं तिला मुलगा झाला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. म्हणाले, आता विसरेल. तो सात-आठ महिन्यांचा असताना मी कारंज्याला गेलतो. अंगणवाडीची बाई माहिती लिहून घ्यायला आली होती. तिनं विचारलं, "लेकरं किती?" बहीण म्हणाली, "दोन. पयली पोरगी." सासू सैपाकघरातून धावत आली. "एकच लिहा बाई, एकच आहे. हिचं डोकं फिरलं." अंगणवाडीची बाई पेन वर धरून एकदा हिच्याकडे बघे, एकदा तिच्याकडे. मग ती माझ्याकडे बघायला लागली, मी शिकलेला म्हणून. बहीणही माझ्याकडेच बघत होती. मला कोण संताप आला! चारचौघांत काय हा तमाशा, असं वाटलं. मी खेकसलो, "जे नाईच त्याले काऊन मोजतं तू?" अंगणवाडीच्या बाईनं एक लिहिलं. बहीण लेकराला काखेत घेऊन आत निघून गेली.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात हिंगणीच्या विहारात माझं व्याख्यान ठेवलं. आपल्याच गावात, आपल्याच लोकांसमोर. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. सकाळी अकराची वेळ. बहीण माहेरी आलेली होती, ती बायकांमध्ये मागं येऊन बसली. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, रुसवा गेला.

व्याख्यान नेहमीसारखंच रंगलं. फार पूर्वी हे सगळं एका चिमटीत मावेल एवढं होतं, मग ते फुगत गेलं, हे सांगून झालं. मग नेहमीप्रमाणे कोणीतरी विचारलंच, त्याच्या आधी काय होतं सर? त्यावर मी माझी काळी कुळकुळीत स्लाइड लावली. म्हटलं, हे शून्य, पण हे रिकामं नाही. यात कण जोडीजोडीनं उपजतात आणि पापणी लवायच्या आत एकमेकांत मिटून जातात. सुरुवातीला पदार्थ आणि त्याच्या उलटा पदार्थ जवळजवळ सारखेच होते. सगळंच्या सगळं एकमेकांत संपून जायला पाहिजे होतं. पण अब्जात एखादा कण उरला. का उरला, ते नीट कोणालाच सांगता येत नाही. त्या उरल्यासुरल्याचे आपण, आणि हे आपल्या गावाजवळचं धरण, आणि हे जंगल.

मग तत्त्वज्ञांची पाळी. शून्याला नियम कोणी लावून दिले? नियम म्हणजेही काहीतरीच झालं की. कोणी म्हणतं, एक असं काहीतरी आहे जे नसूच शकत नाही, त्यातून बाकीचं आलं. मग ते काऊन आहे? ते स्वतःमुळेच आहे म्हणे, म्हणजे माणसानं स्वतःच्याच खांद्यावर बसून जत्रा पाहावी तसं झालं. इथं लोक हसायचे. कोणी म्हणतं, जेवढी विश्वं असू शकतात तेवढी सगळीच आहेत, त्यातलं हे एक. आणखी कोणी म्हणतं, 'काहीच नसणं' एकाच तऱ्हेचं, आणि असण्याच्या तऱ्हा अगणित. डोळे मिटून चिठ्ठी उचलली तर असण्याचीच निघणार. आणि शेवटी एक म्हणतो, आहे म्हणून आहे, पुढं विचारू नका. सगळ्यात शेवटी मी धम्मावर यायचो. ज्याला बाण लागला आहे त्यानं बाण कोणी मारला, कशाचा होता, हे विचारत बसू नये, आधी बाण काढावा. इथं हमखास टाळ्या पडत. त्या दिवशीही पडल्या.

टाळ्या थांबल्या आणि मागून बहीण उभी राहिली. पदर खांद्यावर नीट करून तिनं, चारचौघांत म्हणून, मला 'सर' म्हटलं.

"सर, ते कण सांगितले ना तुमी. आले नाई का गेले. ते होते म्हणाचं का नव्हते म्हणाचं?"

प्रश्न चांगला होता. मी खूश झालो, मूर्खासारखा. म्हटलं, "छान! ते दिसत नाहीत, सापडत नाहीत. पण त्यांच्या असण्यामुळं दुसऱ्या वस्तू हलतात, तेवढ्या जागेवर परिणाम राहतो. म्हणून होते असंच म्हणायचं."

"येवढासा वेळ असले तरी?"

"तरी."

"कोणी पाह्यलं नसलं तरी?"

आता माझ्या लक्षात आलं. बायका तिच्याकडे बघायला लागल्या होत्या; गावच तिचं, सगळ्यांना सगळं माहीत. मी म्हटलं, "हो."

"मंग जे होतं," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला, "त्याले नव्हतं समज म्हणणारे तुमी कोण?"

आणि मी काय केलं? मी, बारा वर्षं या एका प्रश्नावर पोट भरून बोललेला माणूस, घड्याळाकडे बघितलं आणि म्हटलं, "हा प्रश्न विषयाला धरून नाही. आणखी कोणाला काही विचारायचं आहे?" ती बसली. आणखी कोणालाही काही विचारायचं नव्हतं.

लोक गेल्यावर मी चादर काढत होतो. खिळा निघत नव्हता. ती जवळ येऊन उभी राहिली, चादरीचं दुसरं टोक धरलं, आणि आम्ही दोघांनी मिळून घडी घातली. माझ्या डोळ्यांत न बघता ती म्हणाली, "दादा, भांडाले नाई आली मी. मले येकच सांग. कशी होती? तुह्याच हातात होती ना. इथून कारंज्यापर्यंत तिच्याबद्दल सांगाले माह्याजवळ दुसरं कोणी नाई. कोणीतरी म्हणाले पायजे ना का ती होती. मले रात्रंदिवस वाटते का मीच येडी झाली अन् काही झालंच नाई."

मी खरं सांगायला पाहिजे होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण तिनं ती घडी दोन्ही हातांनी उराशी धरली होती, आणि मी म्हणालो, "गोरी होती. नाक आपल्या मायसारखं. बसकं."

"बसकं?" ती खाली बसली. फरशीवर, चादर मांडीवर घेऊन. आणि मोठ्यानं रडली, दवाखान्यात रडली नव्हती तेवढं. मधेच हसलीसुद्धा. "अवो माय, बसकं नाक. लगन कसं झालं असतं पोट्टीचं." मग नाक पुसून म्हणाली, "केस?"

"होते. काळेभोर. कपाळावर चिकटलेले."

अशी सुरुवात झाली. त्यानंतर मी जेव्हा जेव्हा कारंज्याला गेलो, तेव्हा तिनं एक नवीन गोष्ट विचारली, एका वेळी एकच. हात कसे होते? बोटं लांब होती, मुठी आवळलेल्या होत्या. कानाची पाळी चिकटलेली का सुटी? सुटी. मी सांगत गेलो आणि सांगितलेलं घरी येऊन लक्षात ठेवत गेलो, उलटसुलट होऊ नये म्हणून. ती पुन्हा माझ्याशी बोलायला लागली, माझी टर उडवायला लागली, सासूला तोंडावर 'दोन' म्हणायला लागली. सासूही हळूहळू गप्प बसायला शिकली. आणि माझ्या डोक्यात मात्र एक बसक्या नाकाची, काळ्याभोर केसांची मुलगी तयार झाली, जी मी कधी पाहिलीच नव्हती. आता खरी कोणती आणि मी केलेली कोणती, हे त्या दगडांखालची माती सोडून कोणालाच सांगता येणार नाही. तिचं खरं तोंड मला पाहता आलं असतं, आणि मी ते असंच जाऊ दिलं. यावर कुठल्या तत्त्वज्ञाकडे काही असेल तर मला माहीत नाही. व्याख्यान मी बंद केलं. काळी स्लाइड लावली की मला बोलताच येईना.

यंदाच्या जानेवारीत मी ठरवून कारंज्याला गेलो. म्हटलं, बस झालं, आता सांगून टाकू. आपण बहिणीच्या दुःखावर खोट्याचं दुकान थाटलंय, हे मला सोसवेना. दुपार होती. मुलगा शाळेत, जावई दुकानावर, सासू शेजारी गेलेली. बहीण ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी समोर बसलो, एक शेंग उचलली, पण सोलता येईना.

म्हटलं, "बाई, एक सांगायचं आहे. त्या दिवशी वावरात..."

"माहीत आहे मले," ती म्हणाली. हात थांबले नाहीत.

"काय माहीत आहे?"

"तू गाठ सोडलीच नाई. ह्यायनं त्याच आठवड्यात सांगितलं मले. म्हणे, दादानंही नाई पाह्यलं अन् म्याही नाई पाह्यलं."

पाच वर्षं मी सांगत होतो. नाक, केस, बोटं, कान. विहारात तिनं पहिल्यांदा विचारलं, तेव्हासुद्धा तिला माहीत होतं. मी कसाबसा म्हणालो, "मंग काऊन इचारत राह्यली मले?"

तिनं सुपातले दाणे एका बाजूला सारले. "कोणी मेलं तं आपल्यात पुण्यानुमोदन करतात का नाई? विहारात बसतात, चार लोकं उठतात, गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलतात. आपला बाप येवढा तापट, पण त्याच्याबद्दल किती लोकं बोलले. अर्ध्यायचं तं खोटंच होतं, तुले मले माहीत नाई का? पण बोलले. तिच्याबद्दल कोण उठलं? कोणी खोटंही नाई बोललं तिच्यासाठी. तू बोलला."

मी रडायला लागलो. लाज वगैरे काही वाटली नाही. तिनं थोडा वेळ रडू दिलं. मग सुपातून मूठभर शेंगा माझ्यापुढं सारल्या आणि म्हणाली, "आता डोळ्याचं सांग. ते राह्यलं अजून."